महामार्गाच्या कामात महिला, मागास आणि अल्पसंख्याक नेमके कुठे आहेत? कंत्राटापासून हजेरीपत्रकापर्यंत समजून घ्या

मुंबईहून पुण्याकडे, कोकणाकडे किंवा न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कळंबोली लागतंच. सायन-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, बंदराचा रस्ता आणि पुण्याचा जुना महामार्ग, सगळे याच भागात एकमेकांना भेटतात. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही इथूनच सुरू होतो.

इथली रस्त्यांची कामं अजून संपलेली नाहीत. १९ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं पागोटे ते चौक या २९.२ किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला मंजुरी दिली. उरण-पनवेल पट्ट्यातल्या या एका प्रकल्पाचा खर्च आहे सुमारे ४,५०० कोटी रुपये.

एवढा पैसा कोणाच्या हातात जातो? त्यात महिलांच्या मालकीच्या कंपन्या किती, दलित-आदिवासी उद्योजक किती? अल्पसंख्याकांसाठी काही तरतूद आहे का? आणि उन्हात उभं राहून काम करणाऱ्या बाईचं नाव हजेरीपत्रकावर असतं का?

सरकारी खरेदीत महिलांना आरक्षण आहे, असं अनेकदा ऐकायला मिळतं. ते खरं आहे. पण रस्त्याच्या कामापर्यंत ते पोहोचत नाही. का, ते पाहू.

आधी समजून घेऊ: रस्त्याचं काम वाटलं कसं जातं?

महामार्ग प्राधिकरण किंवा एमएसआरडीसी निविदा काढते आणि एखाद्या मोठ्या कंपनीला कंत्राट मिळतं. ही कंपनी सगळं काम स्वतः करत नाही. मातीभराव एकाला, नाल्या दुसऱ्याला, सळई बांधणं तिसऱ्याला, दुभाजक आणि रंगाचे पट्टे चौथ्याला. या छोट्या ठेकेदारांना आपल्याकडे पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. त्यांच्या खाली मुकादम असतो. तो गावाकडून मजूर आणतो, अनेकदा आगाऊ उचल देऊन. सगळ्यात खाली असतात मजूर, आणि त्यात बऱ्याचदा नवरा-बायकोची जोडी.

म्हणजे मालकीचा प्रश्न पहिल्या दोन पायऱ्यांवर येतो आणि मजुरीचा शेवटच्या पायरीवर. सरकारचे नियमही या पायऱ्यांप्रमाणे वेगवेगळे आहेत.

२५ टक्के खरेदीचा नियम काय आहे?

केंद्र सरकारनं २०१२ मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण आणलं. आधी त्यात २० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २५ टक्के करण्यात आलं.

सोप्या भाषेत सांगायचं तर केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभरात १०० रुपयांची खरेदी केली, तर त्यातले २५ रुपये लहान उद्योगांकडे जायला हवेत. या २५ पैकी ४ रुपये अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे आणि ३ रुपये महिला उद्योजकांचे. शिवाय लहान उद्योगांना बयाणा रक्कम भरावी लागत नाही. त्यांचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर दर खाली आणून कामाचा काही हिस्सा घेण्याची संधीही मिळते.

मग अडचण कुठे आहे?

हे धोरण वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. रस्ता, पूल, इमारत बांधण्याचं कंत्राट सरकारी भाषेत 'वर्क्स' या तिसऱ्या प्रकारात मोडतं, आणि 'वर्क्स'ला हे धोरण लागू होत नाही.

एखाद्या महिलेच्या कारखान्यातले हातमोजे सरकारी कंपनीनं घेतले तर ते ३ टक्क्यांत मोजले जातील. त्याच महिलेनं पुलाचं काम घ्यायचं ठरवलं, तर तिला या धोरणातली कुठलीही सवलत मिळणार नाही.

दुसरी अडचण अशी की रस्त्याला लागणारं सिमेंट, सळई, डांबर सहसा सरकार विकत घेत नाही. ते कंत्राटदार घेतो. तो खासगी असल्यामुळे त्याला २५ टक्क्यांचं बंधन नाही. खर्चाचा मोठा भाग इथेच नियमाच्या बाहेर पडतो.

तिसरी अडचण थेट कळंबोलीशी जोडलेली आहे. इथला लोखंड-पोलाद बाजार सगळ्यांना माहीत आहे. समजा, तिथे एखाद्या महिलेची सळईची पेढी आहे. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते, त्यामुळे तिच्याकडे उद्यम क्रमांक असू शकतो. पण व्यापाऱ्यांना ही नोंदणी दिली गेली ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. खरेदी धोरणाचा लाभ माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, माल आणून विकणाऱ्याला नाही. हातात प्रमाणपत्र असूनही ३ टक्क्यांच्या दारात तिला प्रवेश नाही.

उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या उद्योगांपैकी २०.५ टक्के महिलांच्या मालकीचे असल्याचं केंद्र सरकारनं २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं होतं. पण सर्व उद्योगांच्या एकूण उलाढालीत त्यांचा वाटा १०.२२ टक्केच होता. नोंदणी वाढली, तरी मोठी कामं त्या प्रमाणात वाट्याला आलेली नाहीत.

'अनुभव दाखवा' हा अडसर

समजा, आरक्षण नसलं तरी एखादी नवी कंपनी खुल्या निविदेत उतरली. तिथे पात्रतेचे निकष आडवे येतात. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनेनुसार ठेकेदारानं मागच्या सात वर्षांत तशाच प्रकारची कामं केलेली असावीत: प्रत्येकी ४० टक्के किमतीची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. तीन वर्षांची सरासरी उलाढालही अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के हवी.

म्हणजे १० कोटींचा रस्ता घ्यायचा तर आधी ८ कोटींचा एक, ५ कोटींचे दोन किंवा ४ कोटींचे तीन रस्ते बांधलेले हवेत. महामार्गाच्या मोठ्या निविदांमध्ये निकष आणखी वेगळे आणि कडक असतात. निकष चुकीचे आहेत असं नाही, कारण अनुभव नसलेल्याच्या हाती पूल देणं धोक्याचं आहे. पण ज्यांच्या घरात आधीपासून ठेकेदारी होती, त्यांच्यासाठी ही शिडी लावलेलीच असते. बाकीच्यांना पहिली पायरीच सापडत नाही.

पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणून वर्षानुवर्षं केलेलं काम इथे सहज कामी येत नाही. कागदावर काम मुख्य कंपनीचं असतं आणि पेटीवाल्याकडे अनेकदा अनुभवाचा दाखलाच नसतो.

महाराष्ट्रात काहीच सोय नाही का?

आहे, पण लहान कामांसाठी. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदांच्या ठराविक रकमेपर्यंतच्या कामांसाठी बराच काळ ३३-३३-३४ हे सूत्र चालत आलं: ३३ टक्के कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना.

यात महिला, जात किंवा धर्म असा निकष नाही. पण मजूर सहकारी संस्थेमागची कल्पना महत्त्वाची आहे. मजुरांनी एकत्र येऊन संस्था काढायची, काम थेट संस्थेनं घ्यायचं आणि मधल्या ठेकेदाराचा नफा मजुरांच्या खिशात जायचा.

सहकार कायद्यानुसार अशा संस्थांच्या संचालक मंडळावर दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटके-विमुक्त यांच्यासाठीही एकेक जागा असते. प्रत्यक्षात मजूर नसलेली मंडळी मजूर संस्थांवर बसतात, हा आरोप जुना आहे. २०२२ मध्ये मुंबई बँकेच्या निवडणुकीतल्या मजूर प्रवर्गाच्या वादामुळे तो राज्यभर चर्चेत आला.

मजुरांची संस्था महामार्ग बांधू शकते का?

बांधू शकते. केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यात १९२५ मध्ये मजुरांनी ऊरालुंगल लेबर कॉन्ट्रॅक्ट को-ऑपरेटिव्ह सोसायटी सुरू केली. समाजसुधारक वाग्भटानंद यांची प्रेरणा त्यामागे होती. या संस्थेनं आधी छोटे रस्ते आणि मोऱ्या केल्या, मग पूल, मग मोठे प्रकल्प. आता राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या सहापदरीकरणातला कासरगोड जिल्ह्यातला तलप्पाडी ते चेंगळा हा ३९ किलोमीटरचा टप्पा याच संस्थेकडे आला.

हाच महामार्ग ६६ पनवेलपासून सुरू होतो. आपण त्याला मुंबई-गोवा महामार्ग म्हणतो. एकाच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागात मजुरांची संस्था मुख्य कंत्राटदार आहे, आणि आपल्याकडे मजूर संस्था लहान कामांच्या मर्यादेत अडकलेल्या आहेत.

शेजारच्या कर्नाटकात काय आहे?

कर्नाटकानं थेट बांधकामाच्या कंत्राटांतच आरक्षण आणलं. २०१७ मध्ये ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामं राखीव झाली. पुढे मर्यादा १ कोटी झाली आणि इतर मागासवर्गाच्या दोन गटांचाही समावेश झाला.

मार्च २०२५ मध्ये विधिमंडळानं मर्यादा २ कोटींपर्यंत नेणारं आणि मुस्लिमांचा समावेश असलेल्या '२-ब' प्रवर्गाला ४ टक्के देणारं विधेयक मंजूर केलं. धर्माच्या आधारावर आरक्षण दिल्याचा आक्षेप विरोधकांनी घेतला. हा मागासवर्गाचाच प्रवर्ग आहे, अशी सरकारची बाजू होती. राज्यपालांनी ते विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवलं.

केंद्राच्या खरेदी धोरणात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा हिस्सा नाही. महाराष्ट्रात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, पण त्याचं काम कर्ज देण्याचं आहे, कंत्राट देण्याचं नाही. दगडकाम ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या वडार समाजासाठी राज्यानं २०२३ मध्ये पैलवान कै. मारुती चव्हाण यांच्या नावानं आर्थिक विकास महामंडळ जाहीर केलं. तिथेही भर कर्ज-योजनांवरच. कर्जातून मशीन घेता येतं, पण त्या मशीनला काम मिळेल याची हमी कोण देणार?

आणि अमेरिकेत?

महामार्गाच्या पैशात वंचितांचा हिस्सा ही कल्पना जगभर गाजली ती अमेरिकेमुळे. तिथे १९८३ च्या कायद्यानं रस्ते-वाहतुकीच्या केंद्रीय निधीतला किमान १० टक्के हिस्सा सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचितांच्या कंपन्यांना मिळावा, असं ठरवलं. १९८७ मध्ये त्यात महिला आल्या. विशेष म्हणजे हा नियम रस्त्याच्या कामालाच लागू होता आणि मुख्य कंत्राटदारानं दिलेली उपकंत्राटंही त्यात मोजली जायची.

तिथेही वाद झालेच. कोलोराडोतल्या एका महामार्गाच्या कठड्याचं उपकंत्राट हुकलेली कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९५ च्या त्या निकालानं वंशाच्या आधारे दिलेल्या सवलतींची कठोर तपासणी बंधनकारक केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या परिवहन खात्यानं वंश किंवा स्त्री असण्यावरून वंचित मानण्याची पद्धतच काढून टाकली. आता प्रत्येक मालकाला आपण वंचित असल्याचं स्वतः सिद्ध करावं लागतं.

पनवेलचा चौथा निकष: प्रकल्पग्रस्त

पनवेल-उरण पट्ट्यात आणखी एक ओळख जोरात चालते, ती म्हणजे भूमिपुत्र. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्याच लढ्यातून आली.

तेव्हापासून इथे कुठलाही मोठा प्रकल्प आला की आगरी-कोळी गावांची मागणी ठरलेली असते: जमीन आमची गेली, तर भरावाचं, डंपरचं, मजूर पुरवण्याचं काम आम्हाला द्या. या मागणीतूनच या भागात स्थानिक ठेकेदारांची एक पिढी उभी राहिली.

पण यात बायका कुठे आहेत? प्रकल्पग्रस्त असल्याचा हक्क सातबाऱ्यावरून ठरतो, आणि जुन्या सातबाऱ्यांवर बहुतांश नावं पुरुषांची आहेत. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला. तोवर इथल्या अनेक जमिनी संपादित होऊन गेल्या होत्या.

उलट, काही ठिकाणी बाई फक्त कागदावर मालक असते. फर्म बायकोच्या नावावर, सही तिची आणि व्यवहार नवऱ्याचा. गावात 'सरपंच पती' असतो तसाच हा प्रकार. म्हणूनच ५१ टक्के मालकी कागदावर आहे, एवढं पाहून चालत नाही. बँकेचं खातं आणि निर्णय कोणाच्या हातात आहेत, हेही पाहावं लागतं.

सगळ्यात खालची पायरी: मजूर बाई

महाराष्ट्रातल्या रस्त्यांशी बायकांचं नातं जुनं आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक सरकारी कामांवर आले. खडी फोडणं, माती वाहणं, रस्ते आणि पाझर तलाव करणं अशी ती कामं होती, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली. तिथे मजुरी कामाच्या मापावर मिळायची.

मग यंत्रं आली. खडी क्रशर फोडू लागला, माती जेसीबी उचलू लागला, डांबर पेव्हर पसरू लागला. ही यंत्रं चालवायला शिकले ते पुरुष. बायकांकडे उरलं झाडणं, पाणी मारणं, घमेली वाहणं, म्हणजे सरकारी भाषेत अकुशल काम. जोडीनं कामावर आल्यावर अनेकदा हिशेब एकच होतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात जातात.

याचा परिणाम फक्त त्या दिवसाच्या मजुरीवर होत नाही. बांधकाम कामगार म्हणून सरकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर वय १८ ते ६० असावं लागतं आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हजेरी नवऱ्याच्याच नावानं लागली, तर बायकोचे ९० दिवस सिद्ध कसे होणार? नोंदणी नाही म्हणजे प्रसूतीची मदत नाही, मुलांची शिष्यवृत्ती नाही, अपघातात तिचा जीव गेला तर कुटुंबाला त्या योजनेचे पैसे नाहीत.

पैसा तर जमा होतच असतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो. १०० कोटींचं बांधकाम असेल तर १ कोटी. तो कामगारांसाठीच असतो.

कायद्यानं तिला काय मिळायला हवं?

समान कामाला समान मजुरी हा नियम १९७६ पासून आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात, ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची अट होती. महामार्गाचं काम लांबच लांब पसरलेलं आणि पेटी कॉन्ट्रॅक्टरांमध्ये विभागलेलं असल्यानं एका मालकाकडे ५० बायका दाखवणं कठीण व्हायचं, आणि मूल डंपरच्या वाटेवर खेळत राहायचं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात पाळणाघरासाठी ५० कामगारांची अट आहे, मग ते पुरुष असोत वा महिला. हा बदल मोठा आहे. मूल फक्त आईची जबाबदारी नाही, हे त्यात मान्य केलेलं आहे. महिलांना त्यांच्या संमतीनं आणि सुरक्षेची सोय करून रात्रपाळीतही काम देता येतं. वर्दळीच्या रस्त्यांवर बरंच काम रात्रीच चालतं, त्यामुळे हेही महत्त्वाचं. पण रात्री कामावर असलेल्या बाईसाठी शौचालय, दिवे आणि घरी परतायची गाडी नसेल, तर ती परवानगी कागदावरच राहील.

पाळणाघर चालवणं अशक्य नाही. बांधकामाच्या जागीच मुलांना सांभाळण्याचं काम दिल्लीत १९६९ मध्ये मोबाईल क्रेशेस या संस्थेनं सुरू केलं. मुंबईत ते १९७२ पासून चालू आहे.

मग काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. महामार्गाचं काम देताना मुख्य कंपनीनं किती पेटी कॉन्ट्रॅक्टर लावले, त्यात महिला आणि मागास समाजाचे मालक किती, ही माहिती प्रकल्पागणिक जाहीर व्हायला हवी.

दुसरी गोष्ट, पहिली पायरी तयार करणं. झाडं लावणं, दुभाजकांची देखभाल, नाल्यांची सफाई अशी कामं वेगळी काढून बचत गटांना देता येतात. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि मेघालयात ग्रामीण रस्त्यांची देखभाल महिला गटांकडे देण्याचा प्रयोग झाला आहे. बचत गटांचं मोठं जाळं उभं करणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. पेटी कॉन्ट्रॅक्टरला कामाचा अधिकृत दाखला मिळाला, तर पुढच्या निविदेत तो स्वतःच्या नावानं उतरू शकेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात तातडीची: प्रत्येक मजुराची हजेरी वेगळी आणि मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात.

तुम्हाला काय विचारता येईल?

तुमच्या भागात महामार्गाचं काम सुरू असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर संबंधित कार्यालयाला हे विचारता येतं: या कामावर किती उपकर भरला? कामगारांची संख्या किती आणि त्यात महिला किती? पाळणाघर आणि महिलांचं शौचालय कुठे आहे? कोणकोणत्या उपकंत्राटदारांना मान्यता दिली?

तुमच्या ओळखीतली एखादी बाई बांधकामावर जात असेल, तर ९० दिवसांचा दाखला फक्त ठेकेदाराकडूनच घ्यावा लागतो असं नाही, हे तिला सांगा. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा प्राधिकृत अधिकारीही तो देऊ शकतो. कळंबोलीसारख्या ठिकाणी म्हणजे पनवेल महापालिकेकडे चौकशी करायची. आणि दाखल्यावर तिचं स्वतःचं नाव आहे ना, हे नीट पाहून घ्यायचं.